संशोधन कोणाच्या प्रश्नाचे?

विद्यापीठांतील वृत्तपत्रविद्येच्या विभागांची नावे गेल्या काही वर्षांत लांबत चालली आहेत. आरंभी नुसती 'वृत्तपत्रविद्या' होती. पुढे तिच्या जोडीला 'जनसंज्ञापन' आले, मग 'माध्यमे' आली, आणि आता कित्येक ठिकाणी 'व्यूहात्मक संज्ञापन' हा नवा पाहुणा घरात येऊन घरधन्याच्या गादीवर बसू पाहत आहे. देशी-परदेशी विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थी या तिन्ही विषयांत प्रबंध लिहितात, एकाच विभागात लिहितात आणि पुष्कळदा एकाच पद्धतीने लिहितात. नावातील बदल हा आमच्या आक्षेपाचा विषय नाही. ज्या दोन कामांचे हेतू परस्परविरोधी आहेत ती एका छपराखाली आली, तरी त्या विरोधाची चर्चा मात्र त्या छपराखाली फारशी होत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

पत्रकाराचे काम जनतेच्या वतीने सत्ताधाऱ्याला आणि धनवंताला प्रश्न विचारण्याचे. व्यूहात्मक संज्ञापनाचे काम, जी संस्था पैसे देते तिच्या हिताला अनुकूल असे लोकमत घडविण्याचे. एकाने उलटतपासणी घ्यावयाची आणि दुसऱ्याने अशिलाला त्या उलटतपासणीतून सहीसलामत बाहेर काढावयाचे. दोन्ही कामे कायदेशीर असतील, दोहोंनाही कौशल्य लागत असेल. परंतु ती एकच आहेत असे मानून जेव्हा संशोधन होऊ लागते, तेव्हा 'हा संदेश अधिक परिणामकारक कसा होईल?' हा एकच प्रश्न हळूहळू सर्व प्रबंधांचा प्रश्न होऊन बसतो. संदेश कोणाचा, त्याचा खर्च कोणी केला आणि ज्याच्यापर्यंत तो पोचला त्याचे त्यातून भले झाले की बुरे, हे प्रश्न प्रस्तावनेतसुद्धा शिरकाव करू शकत नाहीत.

हा विषय प्राध्यापकांचा आहे, कार्यकर्त्यांनी त्यात लक्ष कशाला घालावे, असे काही वाचकांना वाटेल. अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाने तरी त्यात का पडावे, असेही कोणी विचारील. दोहोंना उत्तर एकच. आज एम.ए.च्या वर्गातील विद्यार्थी जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर उद्या जाहिरात संस्था, सरकारी माहिती खाते आणि निवडणुकीचे कंत्राट घेणारे सल्लागार सिद्ध ज्ञान म्हणून वापरतात. जो प्रश्न तो विचारतच नाही, त्याबाबत समाज अज्ञानी राहतो. ज्ञानाच्या उत्पादनालाही भांडवल लागते, आणि भांडवल जिकडून येते तिकडे उत्पादनाचे तोंड वळते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा येथेही लागू आहे.

मारिएनथालचा धडा

या शास्त्राच्या जन्मकथेत एक प्रकरण असे आहे की, ते आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती होती. जागतिक मंदीच्या तडाख्यात तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. व्हिएन्नातील काही तरुण संशोधकांनी १९३१-३२ च्या सुमारास त्या गावाचा अभ्यास केला. पॉल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स झाइझेल ही त्यांतील प्रमुख नावे. याहोडा तर तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची होती आणि तिची डॉक्टरेटही अजून पुरी व्हावयाची होती. हे सर्वजण समाजवादी चळवळीत वाढलेले. त्यांच्या मनात प्रथम कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करावयाचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना फटकारले: लाखो लोक सक्तीने रिकामे बसले असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता? बेकारीचा करा. प्रश्न असा बदलला, आणि त्या एका बदलाने एका अभिजात ग्रंथाचा जन्म झाला. १९३३ साली तो प्रसिद्ध झाला.

या अभ्यासातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली माध्यमांविषयीची. गिरणी बंद झाल्यावर लोकांच्या हाती वेळच वेळ आला. तेव्हा वाचन वाढले असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कामगारांच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली, आणि पक्षाच्या दैनिकाचे वर्गणीदारही मोठ्या प्रमाणात घटले. वर्गणी परवडत नव्हती एवढेच त्याचे कारण नव्हते, कारण पुस्तके तर फुकट मिळत होती. दिवसाला आकार देणारे कामच नाहीसे झाले तेव्हा वाचण्याची, ऐकण्याची, सभेला जाण्याची इच्छाही मावळली. दुसरी गोष्ट त्याहून कटू होती. दारिद्र्य शिगेला पोचले की माणूस बंड करून उठतो, हे चळवळीत सर्रास गृहीत धरले जात असे. मारिएनथालने दाखविले की, दीर्घकाळची बेकारी माणसाला बंडखोर करण्याऐवजी बहुधा थकवून टाकते. संशोधकांच्या पदरी पडलेला हा निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या पक्षाला रुचणारा नव्हता. तरीही त्यांनी तो छापला.

हा अभ्यास करताना त्यांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला होता. गावात कोणीही नुसता बघ्या म्हणून जावयाचे नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही काम करावयाचे. त्यांनी गरजूंना कपडे पुरविले, डॉक्टरी तपासणीची सोय केली, स्त्रियांसाठी शिवणकामाचे वर्ग चालविले. ज्यांच्याकडून माहिती घ्यावयाची त्यांचे काही देणे लागते, ही जाणीव त्यामागे होती. आज चारशे जणांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन पुन्हा त्या वस्तीचे तोंडही न पाहणाऱ्या प्रबंधकारांनी, आणि त्यांना तसे करू देणाऱ्या मार्गदर्शकांनी, हा नियम एकदा तरी वाचावा.

दोन प्रकारचे संशोधन

लाझार्सफेल्ड पुढे अमेरिकेत गेला आणि आधुनिक माध्यम-संशोधनाचा एक संस्थापक ठरला. रेडिओ कोण ऐकतो, का ऐकतो, मतदार आपले मत कसे ठरवितो, यांवरील त्याच्या अभ्यासांनी या शास्त्राला पद्धती दिली. त्यासाठी पैसा रॉकफेलर प्रतिष्ठानाकडून आला, तसा व्यापारी कंपन्यांकडूनही आला. फ्रँकफुर्टच्या परंपरेतील आडोर्नो काही काळ त्याच्या रेडिओ प्रकल्पात काम करीत होता. दोघांचे पटले नाही. १९४१ साली लाझार्सफेल्डने एका निबंधात संज्ञापन-संशोधनाचे दोन प्रकार सांगितले: प्रशासकीय आणि चिकित्सक. पहिल्या प्रकारात एखादी सरकारी वा खाजगी संस्था आपली अडचण घेऊन संशोधकाकडे येते आणि तो तिला उपाय सांगतो. दुसऱ्या प्रकारात संशोधक त्या संस्थेचेच स्थान तपासतो. माध्यमे कोणाच्या हाती आहेत, ती माणसाच्या मूल्यांचे काय करतात, समाजातील सत्तेच्या रचनेशी त्यांचा संबंध काय, हे तो विचारतो. दोहोंचा मिलाफ व्हावा अशी लाझार्सफेल्डची इच्छा होती.

तो मिलाफ बरोबरीच्या नात्याने घडला नाही. पहिल्या प्रकाराला ग्राहक होता, दुसऱ्याला नव्हता. ज्याला ग्राहक असतो त्याच्या शाखा निघतात, शिष्यवृत्त्या निघतात, नियतकालिके निघतात. ज्याला नसतो तो अभ्यासक्रमातील एका ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत जाऊन पडतो. आज 'व्यूहात्मक संज्ञापन' या नावाखाली जे प्रबंध लिहिले जातात त्यांतील बहुतेक हे त्या प्रशासकीय संशोधनाचेच वंशज होत.

जनसंपर्काचा पूर्वेतिहास

या विद्येचा पूर्वेतिहास विद्यार्थ्यांना सांगितला जातो तेव्हा तो बहुधा यशोगाथांच्या रूपाने सांगितला जातो. त्यातील दोन घटना येथे नोंदवितो.

१९१४ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील लडलो येथे संपावरील खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या हस्तकांनी हल्ला केला. वस्ती जळाली, तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाणकंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. देशभर संतापाची लाट उसळली तेव्हा त्या घराण्याने आयव्ही ली या जनसंपर्कतज्ज्ञाची नेमणूक केली. त्याने पत्रके काढून ती देशभरच्या वजनदार लोकांकडे रवाना केली. त्यांतील काही मजकूर, विशेषतः संघटनेच्या नेत्यांना मिळणाऱ्या मानधनाचे आकडे, खोटा असल्याचे पुढे उघडकीस आले. औद्योगिक संबंधांवरील सरकारी आयोगापुढे लीची तपासणी झाली. जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत ली हा या व्यवसायाचा एक जनक मानला जातो. ज्या मुलांच्या मृत्यूनंतर त्याला हे काम मिळाले, ती मुले त्या पुस्तकांत किती ओळींची धनी होतात, हे विद्यार्थ्यांनीच मोजून पाहावे.

दुसरी घटना तंबाखूची. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो असे दाखविणारे संशोधन पुढे येऊ लागताच अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी एका मातबर जनसंपर्क संस्थेचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिले. आपणांस ग्राहकांच्या आरोग्याची चिंता आहे आणि आपण संशोधनाला मदत करू, असे त्यात आश्वासन होते. मग दशकानुदशके जे चालले ते शंकेचे पद्धतशीर उत्पादन होते. एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात शंका हाच आपला माल आहे, अशा अर्थाची स्पष्ट कबुली आहे. हे आपल्याला आज ठाऊक आहे ते कशामुळे? अमेरिकेतील राज्यांनी लढविलेल्या खटल्यांतून १९९८ साली तडजोड झाली आणि कंपन्यांची लक्षावधी अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती जतन केली. जगभरच्या संशोधकांनी, त्यांत अनेक विद्यार्थीही आले, ती वाचून व्यूहात्मक संज्ञापनाचा खरा इतिहास लिहिला. २००६ साली अमेरिकन न्यायालयाने या कंपन्यांनी जनतेची संगनमताने फसवणूक केल्याचा निर्णय दिला.

यावरून दिसून येते की, व्यूहात्मक संज्ञापन हा अभ्यासाचा विषय असण्यात काहीच गैर नाही. उलट त्याचा अभ्यास झालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, तो अभ्यास कंपनीच्या बाजूने टेबलापाशी बसून करावयाचा, की तिची कपाटे उघडून.

पुणे जिल्ह्यातील रेडिओ

प्रशासनाला उपयोगी पडणारे संशोधन म्हणजे वाईटच, असा मात्र आमचा दावा नाही. याला आपल्याच भूमीतला दाखला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, काय करावयाचे ते ठरवीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत; त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि ते काम पॉल नॉयराथ यांच्याकडे होते.

हा नॉयराथ कोण? व्हिएन्नातील समाजवादी तत्त्वचिंतक ओटो नॉयराथ यांचा मुलगा. नाझींनी त्याला दाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबले होते. तेथून सुटून तो अमेरिकेत पोचला, कोलंबिया विद्यापीठात लाझार्सफेल्डच्या हाताखाली काम करू लागला आणि त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला तो त्याच छळछावण्यांतील समाजजीवनावर. मारिएनथालची परंपरा अशा वाटेने पुणे जिल्ह्यात येऊन पोचली.

नॉयराथ यांनी श्रोतृमंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर तुलना केली. निष्कर्ष स्वच्छ होता: जेथे लोक ऐकून चर्चा करीत होते तेथे ज्ञानात लक्षणीय भर पडली, आणि जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती फारच थोडी पडली. याचा अर्थ असा की, गावात खरा पालट घडविला तो चर्चेने; यंत्राचे काम निमित्तापुरते होते. १९५९ पासून हा कार्यक्रम देशभर नेण्यात आला. पुढे तो क्षीण होत गेला. श्रोत्याला उलट बोलू देणारी योजना चालविणे कष्टाचे असते. एकतर्फी प्रक्षेपण सोपे असते. आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि प्रत्येक पक्षाला वाटते की, संदेश पोचला म्हणजे काम झाले. पोचणे म्हणजे पटणे नव्हे आणि पटणे म्हणजे विचार करणे नव्हे, हे या राज्यात सत्तर वर्षांपूर्वी आकडेवारीनिशी सिद्ध झालेले आहे.

किंमत आणि पाने

आता थोडे अर्थकारण. वृत्तपत्र हा असा विचित्र माल आहे की, तो एकाच वेळी दोन बाजारांत विकला जातो. वाचकाला बातमी विकली जाते आणि जाहिरातदाराला वाचक विकला जातो. दुसऱ्या बाजारातील उत्पन्न भरघोस असले की पहिल्या बाजारातील किंमत खर्चाच्याही खाली ठेवता येते. मोठ्या वृत्तपत्राला हे परवडते, लहानाला परवडत नाही. आणि लहान वृत्तपत्र निकृष्ट म्हणून नव्हे, तर त्याचा वाचक जाहिरातदाराच्या दृष्टीने गरीब म्हणून मरते.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात हे दुखणे ओळखले होते. आचार्य नरेंद्र देव आणि अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे त्या आयोगाचे सदस्य होते. पृष्ठसंख्येनुसार किंमत ठरवून द्यावी ही त्यांची शिफारस १९५६ साली कायद्यात आणि १९६० साली प्रत्यक्ष आदेशात उतरली. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कायद्यातील संबंधित तरतूद व आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. पाने कमी करा किंवा किंमत वाढवा असे सरकारने सांगणे म्हणजे विचाराच्या प्रसारावरच बंधन घालणे होय, असा न्यायालयाचा आशय होता. या युक्तिवादात तथ्य आहे हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सरकारच्या हाती वृत्तपत्राच्या पानांची कात्री देणे धोक्याचेच. तथापि न्यायालयाने औषध नाकारले म्हणून रोग बरा झाला नाही. त्या रोगाचे पुढे काय झाले, मराठी जिल्हापत्रांपैकी कोणती टिकली, कोणती गेली आणि कशामुळे, याचा जिल्हावार आर्थिक इतिहास लिहावयास किती तरी विद्यार्थ्यांना वाव आहे.

रोगाचे एक टोक २००९ साली दिसले. त्या वर्षीच्या निवडणुकांत, महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत तर विशेष प्रमाणावर, पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमीच्या रूपात छापली गेली. पी. साईनाथ यांनी हे प्रकरण वेशीवर टांगले. त्यांच्या पुराव्याचा एक भाग किती साधा होता! प्रतिस्पर्धी दैनिकांचे अंक शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत तोच मजकूर शब्दशः सापडला. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली सविस्तर अहवाल दिला. परिषदेने मात्र आधी त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला, आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली खुला झाला. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने अशा खर्चाचा हिशेब न दिल्याबद्दल उत्तर प्रदेशातील एका विधानसभा सदस्याला अपात्र ठरविले. हे सर्व घडले तेव्हा आपल्या राज्यात वृत्तपत्रविद्येचे किती तरी विभाग चालू होते. अंक शेजारी शेजारी ठेवण्याचे काम त्यांच्या विद्यार्थ्यांना कोणीच का सुचविले नाही?

जे छापले जात नाही

छापलेल्या मजकुराची मोजदाद करणे सोपे असते. न छापलेल्याची करावयास दृष्टी लागते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून परतलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही, असे त्यांनी स्वतः नंतर नमूद केले आहे. जाहिरातीचा बाजारसुद्धा सर्वांना समान दराने खुला नसतो, जात तेथेही दार अडवून उभी असते, हे या एका नकारातून कळते. माध्यम-संशोधनाचा पहिला पाठ म्हणून ही घटना शिकविली गेली पाहिजे.

तोच प्रश्न श्रमिकांच्या बाबतीत विचारावा. ब्रिटनमधील ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधक गटाने १९७५ साली दूरचित्रवाणीवरील बातम्या कित्येक महिने ध्वनिचित्रमुद्रित केल्या आणि १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्लासगोतील कचरागाडी चालकांच्या संपाच्या राष्ट्रीय वार्तांकनात कचरा दिसला, सैनिक दिसले, अधिकारी बोलले. एकाही संपकऱ्याची मुलाखत मात्र नव्हती. आपल्याकडे २०२१-२२ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप झाला, २०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला. त्या काळातील अंक ग्रंथालयांत पडून आहेत. 'प्रवाशांचे हाल' कोणत्या ओळीत येतात आणि पगाराचा आकडा कोणत्या ओळीत, सेविकेचे स्वतःचे वाक्य किती बातम्यांत आहे आणि अधिकाऱ्याचे किती बातम्यांत, हे मोजावयास ना अनुदान लागते ना संगणकतज्ज्ञ. लागतो तो फक्त प्रश्न.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, श्रमिकांच्या बाजूने प्रश्न विचारणारे संशोधन म्हणजे आपलाही प्रचारच. याचे उत्तर मारिएनथालने दिले आहे. प्रश्न कोणाच्या बाजूने विचारला हे संशोधकाने उघड सांगावे. उत्तर मात्र पुराव्याने ठरावे, मग ते आपल्या बाजूला झोंबले तरी बेहत्तर. व्यूहात्मक संज्ञापनात उत्तर आधी ठरलेले असते आणि पुरावा मागाहून गोळा होतो. सत्यशोधन आणि प्रचार यांतली सीमारेषा ही आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदव्युत्तर वर्गात आज जी मुले-मुली येतात त्यांत शेतमजुरांची, कामगारांची, घरातील पहिल्याच पदवीधर पिढीतली पुष्कळ आहेत. वृत्तपत्रांतल्या नोकऱ्या आटल्या, ज्या उरल्या त्या कंत्राटी झाल्या. जनसंपर्काच्या व्यवसायात मात्र पगार आहे. अशा विद्यार्थ्याने कंपनीला उपयोगी पडणारा विषय घेतला तर त्याला नीतीचे प्रवचन देण्याचा अधिकार निवृत्तिवेतन खाणाऱ्या प्राध्यापकाला नाही. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या समाजात चिकित्सक प्रश्नाला शिष्यवृत्ती नाही, त्या समाजाचा तो दोष आहे. आणि म्हणूनच सार्वजनिक विद्यापीठांचे अनुदान हा माध्यमस्वातंत्र्याचाही प्रश्न आहे, हे आपण विधिमंडळात आणि सभांतून ठासून मांडले पाहिजे.

आपण काय करावे

आपल्या कार्यकर्त्यांत या विषयाकडे पाहण्याच्या दोन वृत्ती आढळतात. काहीजण माध्यमांना 'विकाऊ' म्हणून मोकळे होतात. काहीजण, विशेषतः तरुण साथी, म्हणतात की प्रतिपक्षाकडे प्रचाराची यंत्रणा आहे, तशीच आपणही उभारावी, सल्लागार नेमावा. पहिली वृत्ती आळसाची आणि दुसरी हेव्याची. शिव्या दिल्याने ज्ञान वाढत नाही. आणि पैशाच्या जोरावर चालणाऱ्या शर्यतीत ज्याच्याकडे पैसा नाही त्याने उतरणे हे व्यवहारातही शहाणपणाचे नाही, तत्त्वाची गोष्ट तर दूरच.

याऐवजी करण्याजोग्या चार गोष्टी आहेत. कामगार संघटनांनी, किसान सभांनी आणि जुन्या साप्ताहिकांनी आपल्या फायली, पत्रके, इतिवृत्ते वाळवीच्या हवाली न करता लावून ठेवावीत आणि विद्यार्थ्यांना खुली करावीत; तंबाखूचे सत्य कागदांतूनच बाहेर आले. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यकर्त्यांनी दरमहा दोन-तीन दैनिकांचे अंक शेजारी ठेवून वाचण्याचा परिपाठ ठेवावा, सरकारी जाहिरातींची नोंद ठेवावी, लागेल तेथे माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा वापरावा. वृत्तपत्रांना मालकीचा जो तपशील दरवर्षी छापावा लागत असे, ज्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे असत, त्या जुन्या 'नमुना चार'च्या निवेदनांवरून आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांच्या मालकीचा इतिहास कोणताही चिकाटीचा विद्यार्थी लिहू शकेल. त्याला आपण साहाय्य करावे. आणि चौथी गोष्ट, सर्वांत अवघड: आपली स्वतःची पत्रे, आपल्या सभा, आपली भाषा यांचीही चिकित्सा त्यांना करू द्यावी. आमच्या पानांवर शेतमजूर स्त्री किती वेळा स्वतः बोलते? आमचे अग्रलेख वस्तीत कोण वाचतो? जो वाचत नाही तो का वाचत नाही? या प्रश्नांची उत्तरे कदाचित मारिएनथालइतकीच कटू निघतील. ती आली तशी छापण्याची तयारी असेल तरच विद्यार्थ्यांना बोलवावे.

संज्ञापन या शब्दात 'सम्' हा उपसर्ग आहे. एकत्र जाणून घेणे, हा अर्थ त्यात दडलेला आहे. एकाने ठरवावे आणि इतरांनी मानावे, याला ते नाव शोभत नाही. पुण्याच्या श्रोतृमंडळांत शेतकरी केंद्राला उलट प्रश्न पाठवीत होता तेव्हा त्या शब्दाची बूज राखली जात होती. आज त्या विभागांतून बसलेल्या विद्यार्थ्याला असा उलट प्रश्न विचारण्याची मुभा, वेळ आणि शिष्यवृत्ती मिळवून देणे, हे आपल्या कार्याचे एक अंग आहे असे समजून आपण कामाला लागले पाहिजे.